पिकअपचा पुढचा लोअर आर्म बदलणे: तपासणीपासून अलाइनमेंटपर्यंत

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की ठाणे-नवी मुंबईतल्या पिकअपवाल्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. खड्ड्यात चाक गेलं की पुढून ‘खट्’ असा आवाज येतो, ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढते, आणि टायर आतल्या कडेने झिजायला लागतो. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा पट्टा, शिळफाटा, तुर्भ्याच्या एपीएमसीभोवतीचे अवजड वाहनांनी खचवलेले रस्ते, या सगळ्यांचा मार पुढच्या सस्पेन्शनला बसतो. त्यात ठाण्याच्या खाडीची दमट, खारट हवा. रबर खड्डे फाडतात आणि बोल्ट हवा गंजवते. चाकाला खालच्या बाजूने चेसिसशी जोडणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म, त्याला हे दोन्ही एकाच वेळी भोगावं लागतं.

माझं रोजचं काम छोट्या मालवाहू गाड्यांच्या देखभालीचं, रबाळे एमआयडीसीच्या परिसरातलं. नवीन आर्म बसवूनही काही महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या, अशा गाड्या सतत समोर येतात. अशी गाडी खोलली की बहुतेक वेळा आर्म चांगलाच निघतो. तो बसवताना बुशचे (आर्म चेसिसला जोडणाऱ्या रबरी सांध्याचे) बोल्ट चाक हवेत लटकत असताना आवळलेले असतात. लेख लिहिण्याचं कारण ही एक पायरीच आहे, पण तिथे पोचेपर्यंतचं कामही नीट व्हायला हवं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आधी गाडीखाली वाकून बघा

तुमच्या पिकअपला लोअर आर्म आहे का, हे सगळ्यात आधी पाहायचं. बोलेरो पिकअपच्या बऱ्याच मॉडेलना, आणि इतरही अनेक मालवाहू पिकअपना, पुढेसुद्धा पाटे आणि सरळ ॲक्सल असते. तिथे असा आर्म नसतोच, त्यामुळे हा लेख त्या गाड्यांसाठी नाही. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांना पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र असतात. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, आणि मधे शॉकअपच्या अंगावरच बसवलेली कॉइल स्प्रिंग. टाटा झेनॉनसारख्या काही गाड्यांत कॉइल स्प्रिंगच्या जागी चेसिसला समांतर जाणारा लांब पोलादी दांडा असतो, टॉर्शन बार. तो पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो.

पुढे जे सांगतोय ते शॉकअपवर कॉइल असलेल्या रचनेला धरून आहे. टॉर्शन बार असेल तर त्यात साठलेला जोर आधी सोडावा लागतो. त्याचा ॲडजस्टिंग बोल्ट किती बाहेर आहे हे पट्टीने मोजून लिहून ठेवायचं आणि मगच तो सैल करायचा. याची सवय नसेल तर ते काम गॅरेजवर सोपवा. तिसराही एक प्रकार आहे: स्प्रिंग शॉकअपवर नसून चेसिस आणि लोअर आर्म यांच्यामध्ये मोकळी दाबून बसवलेली. तशी गाडी स्प्रिंग कंप्रेसर आणि जाणता माणूस हाताशी असल्याशिवाय खोलू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात-पाय तोडते, जीवही घेते.

आर्मच गेलाय याची खात्री

‘खट्’ वाजलं म्हणून आर्म मागवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. स्टॅबिलायझर बारची (वळताना गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याची) लिंक, शॉकअपचा वरचा बुश, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक), कधी कधी केबिनचे माउंट, हे सगळे जवळपास तसाच आवाज काढतात. स्टॅबिलायझर लिंक तर सगळ्यात आधी जाते आणि सगळ्यात स्वस्त असते. म्हणून सुरुवात तिच्यापासून करा. लिंक हाताने धरून जोरात हलवली आणि ती टकटक वाजली, तर आधी ती बदला आणि गाडी चालवून पाहा.

बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, तपासताना जॅक कुठे लावता याला फार महत्त्व आहे. या रचनेत स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर येतो आणि तिथून खालच्या बॉल जॉइंटमार्गे चाकावर. जॅक चेसिसला लावून चाक लोंबकळत ठेवलं तर जॉइंट ताणलेलाच राहतो आणि त्यातली ढिलाई दिसत नाही. जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितक्या जवळ लावता येईल तितका लावा आणि टायर जमिनीपासून दोन-तीन बोटं उचला. आता चाक घड्याळाच्या १२ आणि ६ या जागी धरून आत-बाहेर हलवा. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचकून पाहा. हे करताना दुसऱ्या कुणाची तरी नजर बॉल जॉइंटवर हवी. नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) आणि आर्म यांच्यात हालचाल दिसली तर जॉइंट गेला.

१२-६ ची हालचाल कधी बेअरिंगचीही असते. ते ओळखायला जोडीदाराला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष व्हील बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा. चाक ३ आणि ९ वर धरून हलवल्यावरच ढिलाई जाणवत असेल, तर टाय रॉड एंड पाहा.

बुश तपासायला पहारीचं टोक आर्म आणि चेसिसचा ब्रॅकेट यांच्या मधे घालून हळू उचका. रबरावर वरवरच्या बारीक भेगा असतील तर तेवढ्यावरून बुश बाद ठरवू नका. मधली लोखंडी नळी रबरातून सुटलीय का, ती मध्यावर आहे की एका बाजूला सरकलीय, आर्मची कड ब्रॅकेटला घासून तिथे चकचकीत पट्टा पडलाय का, हे बघा. तो पट्टा दिसला की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. आर्म वाकला असेल, जे फुटपाथला किंवा दुभाजकाला चाक जोरात आदळल्यावर होतं, तर दोन्ही बाजूंचे आर्म समोरून पाहिले की फरक लक्षात येतो.

बुश बदलायचे की अख्खा आर्म?

एकच बुश गेला असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल आणि जवळ हायड्रॉलिक प्रेस असलेलं गॅरेज असेल, तर फक्त बुश दाबून बदलणं योग्य आहे. पण घणाने ठोकून बुश बसवून घेऊ नका. त्याने आर्मचं भोक अंडाकृती होतं, आणि मग कितीही चांगला बुश घातला तरी तो फिरत राहतो. बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही गेले असतील, किंवा आर्मवर गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर माझा सल्ला सरळ अख्ख्या आर्मचा. सुटे भाग आणि प्रेसची मजुरी मिळून बचत फारशी उरत नाही आणि गाडी एक दिवस जास्त उभी राहते. धंद्याच्या गाडीला तो दिवस महाग पडतो.

अपघाताने एकच आर्म वाकला असेल तर एकच बदला. झिजून गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही नीट तपासा, कारण दोन्हींनी सारखेच खड्डे खाल्लेले असतात.

पार्ट घेताना चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. डावा-उजवा वेगळा असतो, आणि ४ बाय २ व ४ बाय ४ यांतही फरक असू शकतो. दुकानातच बॉल जॉइंटचा स्टड (बाहेर आलेला दांडा) हाताने फिरवून पाहा. तो सगळीकडे सारखा जड फिरला पाहिजे. लुळा पडत असेल किंवा एखाद्या जागी अडत असेल तर परत करा. रबरी बूट कुठे चिरलेला नाही ना, बुशची नळी मध्यावर आहे ना, हेही तिथेच पाहून घ्या. जुना आर्म घासून, काळा रंग मारून ‘रिकंडिशन’ म्हणून विकतात, तो स्वस्त असला तरी घेऊ नका. सस्पेन्शनचा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं, आणि ते ठाणे-बेलापूर रोडवर चालत्या वाहतुकीत झालं तर केवळ तुमच्यापुरतं राहत नाही.

आर्मबरोबर आतले दोन्ही बोल्ट, नट आणि त्यांचे कॅम वॉशरही (फिरवून आर्मची जागा जुळवता येणारे वॉशर) आणून ठेवा. आपल्या हवेत जुना बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असण्याची शक्यता दाट असते, आणि तो कापावा लागला तर गाडी उघड्या पोटाने उभी ठेवून दुकानं शोधत फिरावं लागतं. नवी स्प्लिट पिनही घ्या.

जागा आणि हत्यारं

जमीन सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात, त्यावर घोडीचा (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडचा) पाय वजनाने खचतो. खाली जाड प्लायवूडचा तुकडा किंवा लोखंडी प्लेट घालायची. रस्त्याच्या कडेला गटाराकडे उतार असतो, तिथे हे काम करू नका. शक्य असेल तर ओळखीच्या कुणाच्या शेडमध्ये किंवा गोदामात एक दिवस जागा मागून घ्या. पाऊस पडत असताना उघड्यावर हे काम काढू नका.

जॅक ट्रॉलीचा असेल तर उत्तम, आणि किमान दोन लोखंडी घोड्या. हायड्रॉलिक जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. जॅकचं सील कधी जाईल सांगता येत नाही. १४ पासून २४ पर्यंतच्या गोट्या (सॉकेट), अर्ध्या इंचाचा लांब दांडा, त्यावर चढवायला पाइप, रिंग पान्यांचा सेट, मध्यम वजनाचा हातोडा, पहार, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरा मार्कर, बांधायला तार, डोळ्यांना चष्मा, हातमोजे. बॉल जॉइंटचा पुलर मिळाला तर फार बरं.

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) मात्र हवाच. विकत घ्यायचा नसेल तर एक दिवसासाठी मागून आणा. बहुतेक पिकअपच्या चाकाचे नट साधारण १०० ते १३० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. आर्मच्या बोल्टचा आणि बॉल जॉइंटच्या नटचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. रेंचवर न्यूटन-मीटर आणि फूट-पौंड अशा दोन्ही खुणा असतात. १०० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ७४ फूट-पौंड. चुकीच्या बाजूची खूण वाचली तर बोल्ट सव्वापटीहून जास्त आवळला जातो, म्हणून आवळायच्या आधी एकदा मोठ्याने वाचून खात्री करा.

आदल्या संध्याकाळी

सगळे नट-बोल्ट वायर ब्रशने घासून त्यावर स्प्रे मारा. रात्री एकदा आणि सकाळी पुन्हा. ब्रेक डिस्कवर आणि पॅडवर स्प्रे उडू देऊ नका.

मागचा हौदा रिकामा करा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना पुढच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि तो आकडा मडगार्डवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर लिहा. हीच गाडीची नेहमीची उंची. शेवटी बुश आवळताना हा आकडा लागणार आहे, आणि एकदा गाडी उचलली की तो मिळत नाही.

खोलणं

हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग पुढची बाजू उचलून चेसिसच्या मजबूत भागाखाली दोन्हीकडे घोड्या लावा आणि गाडीचं वजन त्यांवर उतरवा. गाडी बाजूने जोरात हलवून पाहा. ती इथे डगमगली तर काम सुरूच करायचं नाही. चाक काढलं की ते चेसिसच्या खाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही.

खाली इंजिन गार्ड असेल तर काढा. आता आर्मचे आतले दोन बोल्ट दिसतील. बऱ्याच पिकअपमध्ये या बोल्टच्या डोक्याला किंवा वॉशरला कॅम असतो. तो फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो आणि त्यावर कॅम्बर, कॅस्टर (चाकाचा आणि स्टिअरिंगच्या अक्षाचा झुकाव) ठरतात. कॅमवर आणि चेसिसवर मिळून एक सरळ पांढरी रेघ मारा आणि फोटो काढा. दोन्ही बोल्टवर, दोन्ही बाजूंनी.

पुढचा क्रम असा. ब्रेकच्या होजचा आणि एबीएस वायरचा ब्रॅकेट आर्मवर असेल तर तो सोडवा. वायर ओढून काढू नका, क्लिप दाबून सोडवा. मग स्टॅबिलायझर लिंक. तिचा स्टड नटबरोबर फिरत असेल तर टोकाला ॲलन की किंवा पाना धरून थांबवा. यानंतर लोअर आर्मखाली जॅक टेकवून आर्म किंचित उचला, म्हणजे शॉकअपच्या खालच्या बोल्टवरचा ताण निघेल आणि बोल्ट ठोकाठोक न करता सरकेल. शॉकअपवरची स्प्रिंग तिच्या स्वतःच्या दोन प्लेटांमध्ये कैद असते, त्यामुळे हा खालचा बोल्ट काढणं सुरक्षित आहे. शॉकअपच्या वरच्या टोकाचा मधला नट मात्र अजिबात हलवायचा नाही. स्प्रिंगला धरून ठेवणारा तोच आहे.

आता बॉल जॉइंट. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. तीन-चार आटे अडकवून ठेवा, म्हणजे जॉइंट सुटताना आर्म एकदम खाली आदळणार नाही. पुलर लावा. पुलर नसेल तर स्टडच्या टोकावर मारू नका. नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसलाय, त्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन ठाम घाव घाला. स्टडचा निमुळता भाग (टेपर) तिथेच सुटतो. जुना जॉइंट पुन्हा वापरायचा नसल्याने त्याचा बूट फाटला तरी हरकत नाही, पण टाय रॉड एंडचा बूट सांभाळा.

जॉइंट सुटला की नकल फक्त वरच्या आर्मवर लटकतो. त्याला तारेने चेसिसला बांधून टाका, नाहीतर तो बाहेर झुकतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो. ४ बाय ४ गाडीत त्याहून जपायचं, कारण नकल बाहेर ओढला गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सुटू शकतो.

गंजलेला बोल्ट

आतला नट निघतो, पण बोल्ट येत नाही. दांड्याने फिरवला की थोडा फिरतो आणि सोडला की रबराच्या पिळाने परत येतो. म्हणजे बोल्ट बुशच्या नळीला चिकटलाय. खाडीकाठच्या गाड्यांत ही नेहमीची गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

पुन्हा स्प्रे मारा, चहा पिऊन या, मग बोल्ट दोन्ही दिशांना थोडा-थोडा फिरवत राहा. नट परत टोकाला चढवून त्यावर हातोड्याने मारा, म्हणजे आटे खराब होणार नाहीत. गॅस टॉर्चने तापवणं हा उपाय आहे, पण बुशचं रबर पेटतं, त्याचा धूर विषारी असतो, आणि ब्रेकची होज व डिझेलची लाइन जवळूनच गेलेली असते. घरच्या आवारात मी तो सुचवणार नाही. नाहीच निघाला तर बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून बोल्ट सरळ कापा. नवा बोल्ट आणलेलाच आहे. कापताना ब्रॅकेटला घाव लागू देऊ नका, आणि ठिणग्या उडणार म्हणून पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवा.

काही गाड्यांत बोल्ट सुटतो, पण बाहेर येताना स्टिअरिंग रॅकला अडतो. स्टिअरिंग एका टोकापर्यंत पूर्ण वळवून पाहा. तरीही जागा होत नसेल तर रॅकचे माउंटिंग बोल्ट सैल करून तो थोडा सरकवावा लागतो.

आर्म निघाला की जुना आणि नवा शेजारी-शेजारी जमिनीवर ठेवा. दोन्ही बुशमधलं अंतर, बॉल जॉइंटचा कोन, शॉकअपच्या भोकाची जागा सगळं जुळलं पाहिजे. जुन्या आर्मचा मागचा बुश कापून आत बघा. लटकत्या चाकावर आवळलेला असेल तर रबर नळीभोवती एकाच दिशेने, अर्धचंद्राच्या आकारात फाटलेलं दिसतं.

चेसिसचे ब्रॅकेट घासून साफ करा. भोकं लांबट झालीत का, वेल्डिंगला तडा आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहा. तडा दिसला तर इथेच थांबून चेसिसचं काम करणाऱ्याला दाखवा. नाहीतर गंजरोधक रंगाचा हात मारून वाळू द्या.

नवा आर्म बसवणं

आधी आतली बाजू. बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझचा किंवा ग्रीसचा पातळ थर लावा, म्हणजे पुढच्या वेळी तो नळीत चिकटणार नाही. आट्यांना लावू नका, कारण टॉर्कचा आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो आणि तेलकट आट्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. कॅम आपल्या पांढऱ्या रेघेवर आणा. नट हाताने बसवा, पान्याने फक्त टेकेपर्यंत. आवळू नका.

मग बॉल जॉइंट. स्टडचा टेपर आणि नकलचं भोक कोरड्या फडक्याने पुसून घ्या. इथे तेल, ग्रीस काहीही नको, कारण ही पकड कोरड्या धातूवरच घट्ट बसते. नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. पिन नवी घाला आणि तिची टोकं नीट वळवा. शॉकअपचा खालचा बोल्ट, स्टॅबिलायझर लिंक, होज आणि वायरचे ब्रॅकेट परत बसवा. शॉकअपच्या खालच्या टोकालाही रबरी बुश असेल तर तोही बोल्ट सध्या टेकवूनच ठेवा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे ताणली जात नाही ना, वायर कुठे घासत नाही ना, हे पाहा.

गाडी चाकांवर, मगच बुश

या बुशची बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट असते, आतली नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटमध्ये घट्ट होते, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं असतं. म्हणजे आर्म वर-खाली होताना काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळलं जातं. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल, ती रबराची आरामाची स्थिती ठरते.

चाक लटकत असताना आवळला, तर लटकलेली स्थिती ही आरामाची. गाडी जमिनीवर आली की आर्म बराच वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी नुसती उभी असतानाही. मग खड्डा आला की त्या पिळात आणखी पीळ पडतो. पावसाळ्यातले शेकडो खड्डे खाल्ले की रबर नळीपासून सुटतं आणि ‘खट्’ परत येतं. शिवाय पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत असल्याने पुढची बाजू थोडी उंच उभी राहते आणि अलाइनमेंटचे आकडेही खोटे येतात.

म्हणून चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, चाकाचे नट टॉर्कने आवळा. मग पुढची बाजू बंपरवर भार देऊन चार-पाच वेळा दाबा आणि गाडी हाताने दोन-तीन फूट पुढे-मागे ढकला, म्हणजे टायर आणि आर्म आपापल्या जागी बसतील. टेपवर लिहिलेला उंचीचा आकडा पुन्हा मोजा. तो जवळपास जुळला की मागच्या चाकांना पुन्हा ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा आणि खालून आर्मचे आतले बोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळा. कॅमचं डोकं पान्याने धरून नट फिरवा, नाहीतर कॅम रेघेवरून सरकतो. शॉकअपचा खालचा बोल्टही आता. पिकअपची जमिनीपासूनची उंची बरी असते, त्यामुळे हात आणि रेंच जाण्याइतकी जागा सहसा मिळते. कमी पडली तर चारही चाकं सारख्या जाडीच्या फळ्यांवर चढवा, म्हणजे गाडी उंच होते पण उंचीचा आकडा बदलत नाही.

मालवाहू गाडी आहे, तर भरून आवळावी का, असं काही जण विचारतात. माल मुख्यतः मागच्या चाकांवर येतो, पुढची उंची त्यामानाने फार बदलत नाही. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर रिकाम्या गाडीवरच आवळा.

गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर गाडी लिफ्टवर असताना बुश आवळू नका, हे आधीच स्पष्ट सांगा आणि त्या वेळी समोर उभे राहा. ‘काही फरक पडत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज गाठा.

रस्त्यावर आणि अलाइनमेंटला

एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर हळू चालवून पाहा. ब्रेक आधी हलका, मग जोरात. गाडी ओढते का, एबीएसचा दिवा पेटतो का, वळताना कुठे घासल्याचा आवाज येतो का. कॅम रेघेवर असला तरी नव्या आर्ममुळे कोन थोडे बदललेलेच असतात, म्हणून त्याच दिवशी थ्रीडी मशीनवर अलाइनमेंट करून घ्या. तोवर हायवे, उड्डाणपूल आणि माल, तिन्ही टाळा. फक्त टो (दोन्ही चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) जुळवून ‘झालं’ म्हणणाऱ्याला कॅम्बर आणि कॅस्टरचे आकडेही दाखवायला सांगा आणि आधीचा-नंतरचा प्रिंट घ्या. ते कॅम हलवणार असतील तर बुशचे बोल्ट सैल होणार. पुन्हा आवळताना गाडी चाकांवरच असावी आणि टॉर्क रेंच लावावा, हे तिथेही सांगा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि आर्मचे बोल्ट पुन्हा रेंचने तपासा. अलाइनमेंटचा प्रिंट आणि पार्टचं बिल गाडीच्या फाइलला लावून ठेवा. व्यावसायिक गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंगच्या आठवडाभर आधी बॉल जॉइंट आणि बुश अशाच पहारीने तपासून घ्या.

जुना आर्म भंगारात देण्याआधी बॉल जॉइंटचा स्टड ग्राइंडरने कापून टाका, म्हणजे तो रंगवून दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागणार नाही.